उणे चाळीस

ओव्हाळ सरांची गाडी माझ्याकडे आली की बरी होते.
वाकडेवाडीच्या वळणापर्यंत डॅशबोर्डवर लाल त्रिकोण,
शटरपाशी पोचेस्तोवर काही नाही,
दवाखान्याच्या पायरीवर पोटदुखी थांबलेल्या पोरासारखी
नुसती बघत उभी.
"तुम्हाला खोटं वाटत असेल," सर म्हणाले.
मी म्हटलं, खोटं बोलणारी गाडी अजून पाहिली नाही,
अर्धवट बोलणाऱ्या खूप.

स्कॅनर लावला.
एक क्षण गोठून पडलेला आत:
वेग अठ्ठावीस, इंजिन बंद, मोटर चालू,
बॅटरीचं तापमान उणे चाळीस.
मे महिन्यात. पुण्यात.
सोहेल हसत टूलबॉक्सवरच बसला,
"ताई, सर सियाचिनला गेले होते का?"
तार सुटली की असं होतं.
जिथून काहीच येत नाही
तिथला आकडा यंत्र सगळ्यात गार लिहून मोकळं होतं.

पण तार सुटलेली नव्हती.
मीटर लावला, अखंड.
ओढली, पिळली, हेअर ड्रायरने तापवली,
होळकर पुलावरून तीनदा नेली,
खडकी बाजारातल्या गतिरोधकांवर मुद्दाम आदळली.
अखंड.
मीटरची ती बारीक शिट्टी ऐकत राहिलं
की वाटायला लागतं, आपलंच काहीतरी सुटलंय.
नवा सेन्सर टाकणं सोपं होतं. बिल झालं असतं.
पण औंधच्या आयटीआयमध्ये कुलथे मास्तर म्हणायचे,
पार्ट बदलणं म्हणजे निदान नव्हे, नवस.

चौथ्या खेपेला सरांनी वही आणली.
टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षं काढलेला माणूस,
येणारी-जाणारी खरखर लिहून ठेवायची सवय.
वेळ, चौक, ऊन की सावली, एसी चालू की बंद.
मी पानं उलटत गेले.
मंगळवार. शुक्रवार. मंगळवार. शुक्रवार.
"या दिवशी काय असतं?"
"काही नाही हो. अंध मुलांच्या शाळेत जातो,
बाइंडरकडून पुस्तकं पोचवायला."
"किती?"
"ब्रेलमध्ये एका इतिहासाचे अकरा खंड होतात."
"ठेवता कुठे?"
त्यांनी मागच्या सीटकडे पाहिलं.
मीही.
त्या सीटखाली बॅटरी असते,
आणि दोन महिने मी ही गाडी
रिकामी चालवून पाहत होते.

सोहेलला मागे बसवलं, मांडीवर ट्रकची जुनी बॅटरी.
संगम पुलाच्या उतारावर तो लाल त्रिकोण उगवला
आणि आम्ही तिघं ओरडलो,
शेजारचा रिक्षावाला दचकला.

सर्व्हिस प्लग उपसून खिशात ठेवला.
मग दहा मिनिटं थांबायचं असतं,
नारिंगी केबलमधलं मरण ओसरेपर्यंत.
कुणी बोललं नाही. चहा गार झाला.
मीटरवर शून्य बघून हातमोजा काढला,
सीटच्या दांडीखाली हात घातला.
तिथं नजर जात नाही, आरसाही शिरत नाही.
आठ पिनांचा कनेक्टर.
बोट फिरवलं: सात एका रांगेत,
पाचवी केसभर मागे.
वर वजन आलं की निसटायची,
उठलं की टेकायची.

"बघू," म्हणत सर वाकले.
त्यांनी डोळे मिटून घेतले, बोट लावलं,
बराच वेळ लावून ठेवलं.
"एक टिंब उठलेलं नाही," म्हणाले.

पिन आत बसली तेव्हा टिक् झालं, इतकं बारीक
की सोहेलने दोनदा विचारलं, झालं?

मंगळवारी फोन आला नाही. शुक्रवारीही नाही.
पण जे अधूनमधून येतं
ते गेलं, असं कुठल्या दिवशी म्हणायचं?
वही सर माझ्याकडेच विसरलेत.
पुढच्या पानावर मी
पुढच्या मंगळवारची तारीख टाकून ठेवली आहे.