सर्वांत हळू किती?

क्लाक्सविकच्या बंदरावर, मासळीच्या गोदामाला पाठ लावून
एय्दुनचं दुकान. तिथे मी एकोणीस वर्षांचा,
आणि मला सगळं ठाऊक होतं.

मार्जुन आली शनिवारी, शटर ओढायच्या वेळेला.
हातात चिठ्ठी, जावयाच्या अक्षरात
घरच्या कॉम्प्युटरची कुंडली.
"तबकडी जाळायचं यंत्र हवंय," म्हणाली.
आमच्याकडे लिहिणं नाही म्हणत त्याला, जाळणंच म्हणतात.

मी चार खोकी मांडली.
हे बावन्न पट वेगाचं, पेटीच्या आत बसणारं.
हे बाहेर ठेवायचं, वायरीनं जोडायचं, ऐटबाज.
ही दोन डीव्हीडीची: एक अधिकवालं, एक वजावालं,
एकाच गल्लीतले भाऊबंद,
एकमेकांच्या दारचं पाणी न पिणारे.
मी बोलत सुटलो. लेझर, बफर, दोन वर्षांची हमी.
रेडिओवर हवामान ऐकावं तसं तिनं ऐकून घेतलं.
मग विचारलं,
"यातलं सर्वांत हळू किती जातं?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं.
खोकी उलटी केली. बारीक अक्षरं.
बावन्नवालं सोळाच्या खाली उतरायला तयार नाही.

तिचा तुम्मास बॅरेंट्स समुद्रात, ट्रॉलरवर,
एका खेपेला अडीच महिने.
खलाशांच्या खोलीत एक म्हातारा प्लेअर,
घाईत जाळलेलं त्याला वाचताच येत नाही,
घसा खाकरतो आणि तबकडी बाहेर थुंकतो.
आणि तुम्मासला हवे असतात गावच्या संघाचे सामने,
रेडिओवरचे, अख्खे.
"निकाल कळतो त्याला फोनवर," ती म्हणाली,
"पण निकालानं त्याचं पोट भरत नाही. आरडाओरडा हवा."
तिला स्वतःला फुटबॉलचा कंटाळा.

मी शेवटचा पत्ता टाकला:
सीडीवर मावतात ऐंशी मिनिटं. सामना नव्वदचा.
डीव्हीडी घ्या, बाई.
ती माझ्याकडे बघत राहिली,
पोरगं किती शिकलंय आणि किती नाही ते जोखत.
"मध्यंतर असतंच की," म्हणाली.

मागच्या फळीवर धूळ खात एक जुनं यंत्र होतं,
चार पटीनं चालणारं, कुणी परत केलेलं.
हमी नाही. बफरची राखण नाही.
मधेच कॉम्प्युटर अडखळला की तबकडी वाया.
एय्दुननं पंचाहत्तर क्रोनर सांगितले, तिनं साठ दिले.

पुढल्या महिन्यात सात तबकड्या वाया गेल्या.
तक्रार घेऊन नाही आली, कोऱ्या घ्यायला आली.
वाया गेलेल्या तिनं बटाट्याच्या वाफ्यावर टांगल्या होत्या,
साळुंक्यांसारखी काळी पाखरं येतात तिथे, त्यांना धाक म्हणून.
आणि एक शिस्त लागली होती घराला:
एक अर्धा सामना जळायला अकरा मिनिटं.
अकरा मिनिटं माऊसला हात नाही, धुलाई यंत्र बंद,
नातवंडांनी जिन्यावर पाय वाजवायचा नाही.
ती खुर्चीत, विणकाम मांडीवर, सुया थांबलेल्या.
सुयांचा काय संबंध, मी विचारलं.
"असू दे," म्हणाली.

आता दुकान माझं आहे. मोबाइलची कव्हरं विकतो.
परवा मार्जुन आली, कापसाच्या बोळ्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन:
प्लेअरची भिंग. ट्रॉलर भंगारात निघाला
तेव्हा तुम्मासनं तो प्लेअर मागून घेतलेला.
मी म्हटलं, तो तर आता घरीच असतो,
मैदान तुमच्या खिडकीतून दिसतं.
"जातो ना. दर रविवारी जातो.
परत आला की म्हणतो, दिसलं सगळं,
पण सांगत कुणीच नव्हतं."

भिंग मी पुसून दिली. पैसे घेतले नाहीत.
तिनं काउंटरवर चार बटाटे ठेवले, माती न झटकलेले,
आणि जाताना विचारलं, कोऱ्या तबकड्या
अजून येतात का कुठे.