इसार

आज एकतीस ऑक्टोबर. उद्या रात्री बाराला खिडकी बंद.
फॉर्मवर दोन गोल आहेत, खसखशीएवढे:
'अर्ली डिसिजन', 'रेग्युलर'.
मी पहिल्यात टिंब भरते, पुसते,
परत भरते.
लॅपटॉपचा पंखा माझ्याहून जास्त धापा टाकतोय.

आई समोर बसलीय, तोंडात सहा टाचण्या,
मांडीवर कुणा परक्या नवरीचा झगा,
कंबरेत दोन इंच सैल करायचाय शनिवारच्या आत.
फॉल रिव्हरच्या गिरण्या बंद पडून जमाना झाला,
शिलाई आमच्या घरातून गेली नाही.
आजीने कोट शिवले, मावशीने पडदे,
आई लग्नं शिवते.

शाळेतले प्लूर्डसर म्हणाले,
"डेल्फिना, आत्ता हो म्हणशील तर दार निम्मं उघडं आहे.
जानेवारीत त्याच दारात चेंगराचेंगरी."
मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून:
"पण हा इसार आहे, लक्षात ठेव.
त्यांनी घेतलं की तू त्यांची.
बाकीचे सगळे अर्ज मागे."

इसार.
दोन सह्या आमच्या घरातल्या, एक सरांची,
आणि भाव नंतर कळणार.

कॉलेजच्या साइटवर हिशेब करून मिळतो.
आईची कमाई टाका, भाडं टाका,
वडिलांच्या रकान्यात काय टाकायचं ते मला विचारू नका,
की येतो एक आकडा,
आणि त्याखाली बारीक अक्षरांत: हा केवळ अंदाज आहे.
मी तो आईला दाखवला.
तिने झगा पाहावा तसा पाहिला,
उलटा करून, शिवण कुठे आहे ते शोधत.

मी तिथे एकदाच गेलेय. एप्रिलमध्ये, बसने चार तास.
वाचनालयात एक मुलगी बूट काढून झोपली होती
उघड्या पुस्तकावर गाल टेकून,
आणि कुणी तिला उठवत नव्हतं.
बस्स, एवढंच. एवढ्यासाठी मी सही करीन.
पण हे निबंधात लिहिता येत नाही.
निबंधात मी नेतृत्वगुण वगैरे लिहिलेत.

थांबले, तर मार्चअखेर चार पत्रं येतील.
टेबलावर मांडू, भोपळ्यासारखी ठोकून बघू,
कोण किती देतंय, कोण नुसतंच गोड बोलतंय.
किंवा चारही ठिकाणी नाही.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात,
पण यातलं हातचं कुठलं
आणि पळतं कुठलं?

आई बोलते, टाचण्यांच्या फटीतून,
"मीसुद्धा एकदा लवकर हो म्हटलं होतं."
मी वाट बघते. पुढे काही येत नाही.
ते पश्चात्तापाने म्हटलं की तोऱ्यात,
सहा टाचण्यांआडून कसं ओळखायचं?

कापायच्या आधी दोनदा मोज,
हे मी तिच्याकडून चालता येण्याआधीपासून ऐकतेय.
आज विचारलं, "तिसऱ्यांदा मोजलं तर?"
"फार मोजलं की कापड मळतं."

बेल वाजते.
दारात एक अंतराळवीर, तीन फुटी,
डोक्यावर चंदेरी कागद लावलेलं पुठ्ठ्याचं शिरस्त्राण.
आम्ही तळमजल्यावर राहतो, सगळी पोरं आधी इथेच येतात,
वाडग्यात आता दोनच चॉकलेटं उरलीत.
एक खोबऱ्याचं, एक शेंगदाण्याचं.
"एकच घे हं," मी म्हणते.
तो बघत राहतो.
इकडे हात नेतो, तिकडे नेतो.
खाली फुटपाथवर बहीण ओरडतेय,
"जोआकिम, आटप की!"
तो शिरस्त्राण वर सारतो. कपाळावर घाम.
"मी उद्या आलो तर दोन्ही असतील का?"

मला उत्तर सुचत नाही.
मागे आई एकेक टाचणी काढते तोंडातून,
उशीत खोचते. चार. पाच.
सहावी काढते,
आणि आम्ही दोघं, तो अंतराळवीर आणि मी,
तिच्याकडे बघत राहतो.