चुका

पुण्याहून ऋजुता नावाची मुलगी आली
मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, आमच्या ऑफिसात,
लाल ठिपका टाकून भिंती मोजत.
देवस्थळी साहेब तिच्या मागे मागे.
म्हणाले, आमची कोळंबी ओसाकाला पोचते हो,
पण डॉक्युमेंटेशनचा निरोप अकाउंट्सला पोचत नाही.
आम्ही हसलो.
पार्टिशनमागे, आपापले.

तिच्या नकाशात हिरवी वर्तुळं होती.
वर्तुळ म्हणजे इथं माणसं भेटतील.
एक कॉफीच्या मशीनपाशी,
एक जिन्याखाली, जिथं आत्तापर्यंत
फक्त झाडू आणि नाना सुर्व्यांची छत्री भेटायची.
दोन नंबरची शेड कागदाबाहेर राहिली.
तिथं सव्वाशे बायका बर्फात बोटं घालून सोलतात
आणि बोलतात.
त्यांना कुणी वर्तुळ काढून दिलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी
प्रभाकर मेस्त्री पावसहून दोन पोरं घेऊन आला.
माझं पार्टिशन नऊ वर्षांचं.
पलीकडे शमीम मुकादम.
तिचा खोकला मला पाठ,
तिच्या डब्यातलं सांदण मला वासानं पाठ,
चेहरा हजेरीच्या रांगेतला, तेवढाच.
पार्टिशनच्या माझ्या अंगाला
चार चुकांची टोकं आली होती.
तिनं तिकडून काही ठोकलं असणार.
पहिल्याच आठवड्यात बोट सोललं, रागावले,
मग त्यातल्याच वरच्या एका टोकावर
बँकेचं कॅलेंडर अडकवलं.
नऊ वर्षं मी
शमीमच्या चुकीवर माझे दिवस टांगले.

पार्टिशन निघालं आणि आम्ही समोरासमोर.
नवं टेबल लांब, पांढरं, एकच, बारा जणांचं.
तिनं पदर सारखा केला, मी चष्मा पुसला.
चौथ्या दिवशी आमच्या मधे
तिच्या फायली उभ्या राहिल्या,
माझी पाण्याची बाटली, मग मनीप्लांट,
मग दोघींच्या पर्स.
बोलायचं काय, तेच कळेना.
आडोसा असताना
निदान खोकल्यावर खडीसाखर तरी
वरून पलीकडे टाकता यायची.
समोर बसलेल्या बाईला टाकायची कशी?

मेस्त्रीनं उरलेल्या प्लायचं
मागच्या दाराशी, नळाजवळ, बाकडं केलं.
कुणी सांगितलं नव्हतं. बिलातही नव्हतं.
मी विचारलं, तर म्हणाला,
"माणसा बसली तर बाकडा, बाय.
नायतर फळीच ती."

शेडमधल्या बायका तिथं गमबूट काढायला लागल्या.
मयेकरीण चहाचा पेला गालाला लावून बसायची,
बोटं तापवायला दुसरा.
एके दुपारी मीही गेले. शमीम आधीच होती.
कापड फाडून काढलेलं, प्लाय उघडं,
आणि आमच्या दोघींच्या मधे चार भोकं,
एकेक इतकं वेळा ठोकलेलं
की मुगाचा दाणा मावेल.

मी बोट ठेवलं. इथं काय होतं गं?

भरतीचं कोष्टक, ती म्हणाली.
दर महिन्याला नवं.
बंदराच्या तोंडाशी गाळ आहे ना,
पाणी चढल्याशिवाय आमची बोट आत येत नाही.

मला वाटायचं, पगाराची तारीख बघते.

फार काही झालं नाही त्यानंतर.
ऋजुताचा माणूस येऊन
कॉफीपाशी कितीजण थांबतात ते मोजून गेला.
आकडा बरा आला म्हणे.
टेबलावर पर्स अजून आहेत.
मनीप्लांट तेवढा मी खिडकीत नेला,
तिथं तो मरतोय, खाऱ्या वाऱ्यानं.

पण दोन वाजून चाळीस मिनिटांनी
शमीम घड्याळाकडे मान वर करते,
तेव्हा मला ठाऊक असतं
मिरकरवाड्यात पाणी कुठवर आलंय.
मी इनव्हॉइस बाजूला ठेवते.
तीही बोलत नाही, मीही नाही.
बोट आत येईपर्यंत
आम्ही दोघी तशाच.