माझा कोट कुठाय

डुलुथ. फेब्रुवारी. उणे चोवीस.
सरोवर इतकं गोठलंय की त्यावर गाड्या उभ्या असतात.
कॉलेजच्या त्या कचेरीत, दातांच्या दवाखान्यावर,
मी कानाला हेडफोन लावून
जबाब टाइप करते. शब्दशः.
बोटं मिरजेच्या टायपिंग क्लासातली,
पगार तासावर.

नियम असा, की काही गाळायचं नाही.
अडखळणं लिहायचं. हुंदका कंसात.
कुणी गप्प राहिलं, तर घड्याळ बघून
(शांतता, सात सेकंद).
नावं मात्र काळी करायची.
म्हणून इथं ती तक्रारदार
आणि तो प्रतिवादी,
दोघंही एकोणीस वर्षांची, भूगर्भशास्त्राच्या एकाच वर्गातली.

पहिल्या टेपवर मार्लिस हॉगन. ती विचारते
बर्फावर आधी टाच टेकवून बघावं तशी.
पाणी हवंय का. थांबायचंय का.
कोरा कागद पुढे सरकवते, खोलीचा नकाशा काढशील?
कागदावर पेन्सिल बराच वेळ फिरते.
तो आवाज मी लिहिला नाही.

मग सुनावणी. त्याचा सल्लागार, तुपकट आवाजाचा:
"तू 'नाही' म्हणालीस का? हा शब्द?"
(शांतता, अकरा सेकंद)
"मी म्हणाले, माझा कोट कुठाय."
"म्हणजे 'नाही' म्हणाली नाहीस."
"तीनदा म्हणाले. माझा कोट कुठाय."
"आणि कुठं होता कोट?"
"तो त्यावर बसला होता."

मी टेप थांबवली.

आमच्यात निघताना कुणी "जाते" म्हणत नाही.
"येते" म्हणतात. दारात चप्पल शोधत, "येते हं".
आणि अख्ख्या जिल्ह्यात एक माणूस सापडायचा नाही
ज्याला वाटावं, ही येतेय.
कडेवरचं पोरही टाटा करतं.
उलटा शब्द सुलटा कळतो आम्हाला,
आणि उणे चोवीसमध्ये
कोट मागणारी मुलगी
कळत नाही?

तसं न कळल्याचं सोंग आमच्याकडेही छान वठतं.
माझ्या कॉलेजात, त्या प्रकारानंतर, प्राचार्यांनी उपाय केला:
मुलींची वाचनखोली पाचला बंद.

पुरावा किती लागतो, तेही टाइप करता करता शिकले.
फौजदारीएवढा नाही.
पारडं गुंजभर झुकलं, पुरे.
माझे वडील सराफकट्ट्यावर बसायचे, मला गुंज माहितेय:
लाल, काळ्या डोळ्याची,
चिमटीत धरली तर धरलीय असं वाटतच नाही.

झुकलं. पत्र गेलं. दोन सत्रं तो बाहेर.
तिला दुसरं वसतिगृह, परीक्षेला मुदत.
अपील आलं. तेही मीच टाइप केलं.

कोट परत आला कागदी पिशवीतून.
तिनं पिशवी उघडलीसुद्धा नाही.
मार्लिसनं निधीच्या फॉर्मवर
"कारण" या रकान्यात लिहिलं, थंडी,
आणि नवा घेऊन दिला, मोहरीच्या फुलाच्या रंगाचा.
जुना अजून फायलींच्या कपाटात आहे. हिरवा.
खिशात बसचा पास, एक हातमोजा; यादीत नोंद आहे.

ऑगस्टमध्ये नव्या मुलांचा पहिला आठवडा.
चारशे पोरं, गळ्यात ओळखपत्रं, सभागृहभर पिझ्झाचा वास.
पडद्यावर दरवर्षीचीच पानं: संमती म्हणजे काय,
मित्राला कसं अडवायचं, रात्री फोन कुणाला करायचा.
अर्धी मोबाइलमध्ये.
शेवटी एक नवं पान, तिला विचारून घातलेलं.
एकच ओळ:
कुणी कोट मागितला, तर कोट द्या.

हशा पिकला.
मार्लिसनं पिकू दिला.
काही बोलली नाही, पुढचं पान लावलं नाही,
नुसती उभी राहिली, हात खिशात.
हसू मागच्या रांगांपासून विझत आलं.
कुणाची तरी खुर्ची करकरली.

मी दाराशी होते, सह्यांचे कागद घेऊन.
सवयीनं घड्याळाकडे बघितलं.
नऊ. दहा.