तर्जुमा, पान एकशे बारा

विट्याच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान.
तर्जुम्याला पानामागे चाळीस रुपये,
इंग्रजीतून असेल तर साठ.

हसबे गलाईवाल्याची बायको
दोषारोपपत्र घेऊन आली बाजारच्या पिशवीत,
वर कोथिंबिरीची पेंडी.
"मालक कशापायी आत हायती
तेवढं मला समजंल असं लिवा."

पान एकशे बारावर अडलो.
'पैसा त्या कामी वापरला जाण्याचा संभव आहे
हे माहीत असताना'

संभव. आणि माहीत.
एका वाक्यात ही दोघं नांदतात कशी?

अत्तार वकीलबाई म्हणाल्या, सगळी केस त्याच फटीत आहे.
सरकार म्हणतं, गिऱ्हाईक तीनदा आलं,
एकदाही पावती मागितली नाही,
एवढ्यावरून कळायला हवं होतं.
आम्ही म्हणतो, कळायला हवं होतं
आणि कळलं होतं
यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो.
घोरपडे, पूर्वीचे सरकारी वकील, बशीत चहा ओतत म्हणाले,
मध्ये उभा असतो तोच पैसा पुढं सरकवतो, बाई.
मला दोघांचंही पटलं.

हसबे बाराव्या वर्षी पाऱ्याहून गेला भट्टीवर,
भाषा येत नव्हती त्या गावात.
मोडीचं सोनं मुशीत टाकायचा.
कुणाची बोरमाळ, कुणाचा दात, चोरीचं एखादं कडं.
वितळलं की सगळ्याचा रंग एक.
तेजाबात तांबं सुटतं, चांदी सुटते.
कोण विकतंय, कशासाठी, ते सुटत नाही.

परिशिष्ट तीन मी सगळ्यात आधी टाइप केलं.
बसस्थानकावर गेलेल्यांची नावं, पुढे वयं.
धाकटं चार वर्षांचं.
त्या पानाचे पैसे लावले नाहीत.

'माहीत असताना' खोडून 'जाणीव असताना' केलं.
पुन्हा 'माहीत' केलं.
बाई बाकावर बसून होती. विचारलं,
"खातं गोठवलंय म्हंजे?"
म्हणजे पैसा तुमचाच आहे, नावही तुमचंच,
पण हात लावायचा नाही.
"म्हंजे मालकांवानीच," ती म्हणाली.

संध्याकाळी गठ्ठा बांधून दिला.
तिनं पदराच्या गाठीतून पाचशेच्या नोटा काढल्या,
कोऱ्या, एका ओळीतल्या नंबरांच्या,
थुंकी लावून दोनदा मोजल्या.

खातं तर बंद.
कुठनं आणल्या, मी विचारलं नाही.
गल्ल्यात टाकल्या.