खंडाचे कारण

ठाण्यात, तहसील कचेरीच्या समोर तिसरं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील.
त्या 'मिळतील'मध्ये मी बसते, सकाळी दहा ते रात्री आठ.

शिष्यवृत्तीचे अर्ज माझ्या बोटांना पाठ आहेत.
उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान,
नाव आधारवर आहे तसंच; बापाच्या नावातला
एक काना गळाला तरी पोरीचं वर्ष लटकतं.
सर्व्हर बंद असला की मुलं घाम पुसत उभी राहतात.
मी म्हणते, बस जरा, तो रात्री अकरानंतर उघडतो,
भुतासारखा.

आणि शिक्षण मध्येच सुटलेलं असेल तर शपथपत्र.
खंडाचे कारण: खाली दोन रेघा.
पेन उचलून लोक माझ्याकडे बघतात.
मी सांगते, 'घरगुती अडचण' लिही,
त्यावर कुणी उलट विचारत नाही.
किती संसार कोंबले असतील मी त्या दोन शब्दांत,
एकीनेही नको म्हटलं नाही.

जूनमध्ये मशीन कागद खाऊन बसलं.
मेकॅनिक दीड हजार म्हणाला, तेही सोमवारी.
मी झाकण काढलं. रोलरमागे एक वायर
उंदराने कुरतडलेली. सोलली, पिळली, पट्टी गुंडाळली.
नरोत्तमभाई म्हणाले, 'वैजयंताबेन, तुम्ही तर इंजिनियर हाय!'
आणि हसले.
मी नाही हसले.

कळव्याच्या संस्थेतून माहितीपत्रक आणलं.
वायरमन, एक वर्ष, संध्याकाळची तुकडी.
एकवीस हजार, दोन हप्ते. पक्कड-टेस्टर आपापले.

एका ट्रस्टला लिहिलं. उत्तर आलं, छापील, सुरेख कागदावर:
वयोमर्यादा पंचवीस.
मी एक्केचाळीस.
पतपेढीला जामीनदार हवे होते, दोन, पगारपत्रकासह,
माझ्याकडे तर माझंच पगारपत्रक नाही,
दर महिन्याच्या सातला भाई गल्ल्यातून मोजून देतात.
दीर म्हणाला, बाईमाणूस आणि वायरमन,
शब्दातच बसत नाही, वहिनी.
म्हटलं, शब्दात नाही, वर्गात बसायचंय.
पण ते त्याच्या जिन्यात, उतरताना, एकटीच.

चेंदणी कोळीवाड्यात आमची भिशी, बारा जणी, हजार-हजार.
चिठ्ठी निघाली मथुरा नाखवाची.
तिने हातात घेतली, घडी घातली, माझ्याकडे सरकवली.
'माजी तुज्या महिन्यात काडू.
आनि माजे मिक्सरला जल्लेला वास येतो, तो पयला बग.'
बाकीच्या सुकटीचे भाव बोलत होत्या.
एवढंच झालं.

त्या रात्री माझाच अर्ज समोर.
खंडाचे कारण.
बारावीनंतर तेवीस वर्षं.
'घ' लिहिला आणि पेन थांबलं.
अडचण कुठली?
आई अंथरुणाला खिळली, ती? ती तर पडल्या पडल्या
माझ्या पुस्तकांची रद्दी विकू नका म्हणत होती.
लग्न? नवरा गेला ते साल?
त्या सालाला एक ओळ देता येईल, पण बाकीच्या बावीस?
दार कुणी कडी घालून लावलं नव्हतं.
मी ढकलून पाहिलं नाही, बस.
'घ' खोडला. लिहिलं:
पैसे नव्हते. आणि मी कुणाकडे मागितले नाहीत.

नोटरी चष्म्यावरून बघत म्हणाले, बाई, असं लिहीत नाहीत.
तुम्हीच तर सगळ्यांना सांगता काय लिहायचं ते.
मी म्हटलं, शपथेवर आहे ना, साहेब?
त्यांनी शिक्का उचलला, जरा थांबले, मारला.

दुसरा हप्ता जानेवारीत. कुठून, ते अजून कळत नाही.
एका पतसंस्थेचा माणूस गुरुवारी ये म्हणालाय,
मथुराचा मिक्सर अजून वास मारतोय.

फीची पावती घेऊन दुकानात आले.
मशीन चालू केलं, काच पुसली,
दोन प्रती काढल्या,
आणि चार रुपये, गिऱ्हाइकासारखे,
गल्ल्यात टाकले.