आधी खालचं

ओउलूला फेब्रुवारीत साडेआठला उजाडतं,
तेही नावापुरतं.
हिल्का केम्पाइनेन रात्री दोनपासून जागी आहे,
इस्पितळाचं एक्स-रेचं कोठार अडलंय म्हणून.
मोडलेलं नाही, अडलेलं.
तळघरात पंखे फिरतायत, हिरवे दिवे लुकलुकतायत,
फक्त कुणीच काही लिहीत नाही.
सगळे एकमेकांची वाट बघत
शिस्तीत उभे.

कॉफीच्या पाकिटाच्या पाठीवर ती मला मजले काढून दाखवते.
सगळ्यांत वर फाइल सिस्टिम.
तिच्याखाली कुलूपवाला, अक्षर न् अक्षर कूटात बदलणारा.
त्याच्याखाली वाटण्या करणारा.
त्याच्याखाली आरसेवाला, एकाचं दोन करून दोहीकडे धाडणारा.
मग कुठे लोखंड.
"गंमत बघ, जौनी," ती म्हणते,
"यातल्या प्रत्येकाला वाटतं, आपल्या पायाखाली जमीनच आहे."

पूर्वी विनंती आली की ड्रायव्हर खालच्याला हाक मारी,
तो त्याच्या खालच्याला,
आणि जाताना प्रत्येकजण परतीची खूण म्हणून
स्टॅकवर थोडी जागा अडवून ठेवी.
जागा होती किती? आठ किलोबाइट.
मजले वाढले, जिना तेवढाच राहिला,
आणि एके दिवशी पाऊल पडलं
ते दुसऱ्याच कुणाच्या मेमरीत.

मग कुणाला तरी सुचलं:
उतरू नकोस.
चिठ्ठी लिही, ट्रेमध्ये टाक, आल्या पावली परत जा.
तू गेलास की तुझी जागा मोकळी,
आणि दाराशी बसलेला एकटा
एकेक चिठ्ठी उचलून पुढे देईल.
इमारत कितीही खोल असो, जिना एका पायरीचा.

"सुंदर आहे," मी म्हणालो.
"आहेच. म्हणून तर आज जागतोय."

आरसेवाल्याकडे मोठी विनंती आली, एका घासात न मावणारी.
त्याने तिचे दोन तुकडे केले.
पहिला ट्रेमध्ये टाकला.
दुसऱ्यासाठी कोरा कागद हवा होता, गठ्ठा संपलेला.
कागद मिळेल पहिलं काम उरकलं की.
पहिलं काम ट्रेमध्ये.
ट्रे उचलला जाईल हा परतला की.
आणि हा
कागदाची वाट बघत उभा.

हिल्का बराच वेळ काही बोलली नाही.
मग बापाचं सांगू लागली.
तो ओउलूयोकी नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्यांतला,
धरणं बांधली जाण्याआधीचा.
ओंडके अडकले की नवखी पोरं मागून रेटायची,
जोर लावायची, शिव्या घालायची.
बाप बूट भिजवत पुढे जायचा,
सगळ्या ढिगाच्या टोकाला, पाण्यालगत,
आणि काठीच्या आकड्याने एकच ओंडका फिरवायचा.
"मागच्यांची चूक नसते," म्हणायचा,
"पण सुटका मागून होत नाही."

चार ओळी बदलल्या तिने.
वाट बघू नकोस, उरलेला तुकडाही ट्रेमध्ये टाक आणि नीघ.
आणि उचलणाऱ्याला नवा क्रम:
आधी खालचं,
मग बरोबरीचं,
मग जे आधीपासून ताटकळत होतं ते.

"आधी आलेल्यांवर अन्याय नाही का हा?"
"आहे ना.
पण खालचा दरवाजा बंद असेल,
तर रांगेतला पहिला नंबर घेऊन करायचं काय?"

मी फाइलच्या माथ्यावर बघितलं,
ते वाट बघणं लिहिलं कुणी होतं.
अकरा वर्षांपूर्वीची तारीख, आणि तिचंच नाव.
तिनेही बघितलं.
थर्मासचं झाकण लावत म्हणाली,
"तेव्हा मला वाटायचं, माझ्याखाली जमीन आहे."

सात चाळीसला पहिली विनंती तळाला पोचली.
कुणाचा तरी डावा गुडघा,
पांढरा, थोडा झिजलेला,
दोन डिस्कवर दोनदा लिहिला गेला.
मागोमाग बाकीचे सुटले, धडाधड,
एकमेकांना घासत.

बाहेर नदी अजून गोठलेलीच होती.
हिल्का टेबलावर डोकं टेकून झोपली,
पाकिटावरच्या सगळ्यांत खालच्या मजल्यावर
गाल ठेवून.